पहिला तांब्या

मी बादल्यांवर खिळ्यानं खुणा केल्या होत्या. काठाच्या आतल्या बाजूला, बोट फिरवल्याशिवाय कळणार नाही अशी एक बारीक रेघ. एका माणसाला चोर ठरवता यावं म्हणून. ही गोष्ट मी बायकोशिवाय कुणाला सांगितलेली नाही, आणि तिलाही सांगितली ती बऱ्याच वर्षांनी. ती म्हणाली, "खिळा हातात घेतलात तेव्हाच तुमचं ठरलं होतं." तिचं खरं आहे.

सिल्वासाला सरकारी शाळेत विज्ञान शिकवायला मी आलो तेव्हा गावात कारखाने मोजके होते. आठ-दहा वर्षांत राखोलीच्या रस्त्याला शेडमागून शेड उभी राहिली. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून माणसं आली. त्यांची मुलं माझ्या वर्गात घरची बोली, गुजराती आणि कारखान्यातली हिंदी एकाच वाक्यात बोलायची. त्या दिवसांत समुद्रापलीकडच्या एका देशात मोठं वादळ झालं. किनाऱ्याची गावंच्या गावं वाहून गेली. वर्तमानपत्रात एक फोटो आला होता. बांधावर बसलेल्या बायका, मागे मेलेली गुरं तरंगत असलेलं तळं, आणि त्याच तळ्यातून घागर भरणारी एक मुलगी.

तो फोटो कापून आमच्या पोस्टमास्तरांनी खिशात ठेवला. ते निवृत्त झाले होते, मूळचे कोकणातले, आणि सगळे त्यांना काका म्हणत. मुंबईच्या एका सेवाभावी संस्थेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. ती संस्था त्या किनाऱ्यावर साधे घरगुती फिल्टर पाठवणार होती. दोन बादल्या एकावर एक, वरच्या बादलीच्या तळाला भोक, त्या भोकात पांढरी चिनी मातीची कँडल, खालच्या बादलीला तोटी. वर गढूळ पाणी ओतायचं, खाली प्यायचं पाणी थेंब थेंब जमतं. वीज नको, सरपण नको. कँडली मुंबईहून येणार, बादल्या आपण द्यायच्या आणि जोडून पाठवायच्या, असं काकांनी कबूल केलं. राखोलीच्या एका मालकानं रंग बिघडलेल्या बादल्या दिल्या. अर्ध्या निळ्या, अर्ध्या ढगाळ अशा त्या बादल्या होत्या, पण मजबूत.

रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात पंधरा-वीस माणसं जमायची. बहुतेक कारखान्यातली, सुट्टीच्या दिवशी. विज्ञानाचा मास्तर म्हणून नमुना जोडून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी पहिल्या दिवशी टेबलावर बादली ठेवली आणि सगळ्यांना दाखवलं: कँडलच्या दांडीवरचा नट आणि रबराची चकती, म्हणजे वायसर, काढायचा, दांडी भोकातून खाली घालायची, खालून वायसर चढवायचा, त्यावर नट पिळायचा. वायसर नटाखाली. सायकलीत, नळात, मशीनमध्ये, जिथे बघाल तिथे वायसर नटाखालीच असतो. कुणी काही विचारलं नाही. हात सरावाचे होते, भराभर चालू लागले. शेवटी मी वरच्या बादलीत पाणी ओतलं, तर पाऊण तासात खालची बादली निम्मी भरली. टाळ्या पडल्या. कारखान्यातल्या माणसाला जे झपाट्यानं होतं ते चांगलं वाटतं, आणि मलाही तसंच वाटलं.

भोकं पाडायचं काम एका फिटरकडे होतं. नंदुरबारकडचा, माझ्याच वयाचा, बुटका, नाकावर चष्मा दोऱ्यानं बांधलेला. स्वतःचं हातड्रिल घेऊन यायचा. बोलायला मोकळा. सगळे त्याला फिटरभाऊ म्हणत. मला तो पहिल्यापासून आवडला नव्हता, आणि त्याचं खरं कारण लिहायला आज लाज वाटते. तो माझं बोलणं ऐकताना मान हलवायचा नाही. वर्गात असा एखादा मुलगा असतो, तो सगळ्यांसारखा वहीत लिहीत नाही, फळ्याकडे बघत बसतो. मास्तरला अशा मुलाचा संशय येतो.

पहिल्याच रविवारी काम संपल्यावर मी त्याला बस थांब्यावर पाहिलं. पायाशी गोणपाट, आणि गोणपाटातून निळा-ढगाळ काठ डोकावत होता. मला बघून त्यानं हात केला. मी पण केला. घरी गेलो आणि जेवताना बायकोला म्हणालो, "परदेशातल्या आपद्ग्रस्तांची बादली राखोलीच्या बसमध्ये चढली."

"विचारलं नाहीत?"

"विचारल्यावर कोण खरं सांगतं?"

पुढच्या रविवारी मी लवकर गेलो आणि खिळ्यानं खुणा केल्या. त्या दिवशी जोडलेल्यांपैकी खूण केलेली एक बादली संध्याकाळी नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारी ती परत आलेली होती, ढिगात मधोमध लावलेली. मी बोट फिरवलं, रेघ लागली. आतून बादलीला तांबूस कडं होतं, जसं नदीचं पाणी साठवल्यावर भांड्याला बसतं. कँडल तर सरळ सरळ वापरलेली दिसत होती, पांढऱ्याची चहाच्या रंगाची झालेली. आता माझ्यासाठी गोष्ट स्पष्ट होती. हा माणूस आमची नवी कँडल घरी लावतो आणि त्याची जुनी, खराब झालेली आम्हाला परत देतो. तिकडे कुणीतरी बाई आपल्या लेकराला याच्या घरात आठवडाभर झिजलेल्या कँडलचं पाणी पाजणार.

मी कुणाला बोललो नाही. मला ते जपायचं होतं. संशय जपण्यात एक सुख असतं हे मी तेव्हा अनुभवलं. व्हरांड्यात सगळे हसत-खेळत काम करायचे आणि मी एकटाच काहीतरी जाणून होतो. तो चहा वाटायला उठला तरी माझी नजर त्याच्या हातांवर. तो कुणाला हळू काही बोलला की मी कान द्यायचो. एकदा तो दुधनीकडच्या एका कामगाराशी बोलताना "बाटलीत भरून ठेव" एवढंच ऐकलं, आणि त्याचाही मी अर्थ लावला.

मग एका रविवारी तो आलाच नाही. मी मनात म्हणालो, लागला वाटतं सुगावा. त्याच्या पुढच्या रविवारी आला तो गाल बसलेला, पँट दोरीनं आवळलेली. आल्याआल्या माझ्याकडे.

"सर, तुमची बादली फार पळते हो."

"म्हणजे?"

"भरते लवकर. इतकी लवकर नको भरायला. कँडल कशी, रडल्यासारखी गळायला पाहिजे. ही तर धावते. मला काही बरं नाही वाटून राहिलं."

"नवी कँडल आहे. सुरुवातीला पाणी वेगानं येतं, थोडं पांढरट पण येतं. दोन-तीन बादल्या टाकून द्यायच्या असतात."

"पांढरं नाही येत सर. तांबूस येतं."

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं. माझा आवाज गोड होता. मास्तरला हा आवाज येतो, उत्तर आधीच माहीत असलेल्या प्रश्नाचा.

त्यानं चष्म्याचा दोरा सारखा केला आणि म्हणाला, "बघितलं मी." तेवढ्यात त्याला कुणीतरी ड्रिलसाठी हाक मारली आणि तो गेला.

तेव्हा मी ऐकलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण त्यानं जे सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, मला त्यात फक्त चोराची सारवासारव ऐकू आली. त्याच दिवशी दुपारी मी त्यानं परत आणलेली एक बादली उलटी करून बघितली. नटाखाली वायसर नव्हता. नट सोडून बघितला, तर वायसर आतल्या बाजूला, कँडल आणि बादलीचा तळ यांच्या मधे. मी मनाशी म्हणालो, बघा, उघडून छेडछाड केल्याचा पुरावा. मी ती कँडल बदलली, नवी लावली आणि वायसर माझ्या हातांनी पुन्हा नटाखाली आणला. साठ बादल्यांमध्ये जी एक बरोबर जोडलेली होती, ती मी चुकवली.

मग काकांना सांगितलं. काका मवाळ माणूस. म्हणाले, "अहो, असेल काहीतरी. विचारू या ना." मला वाटलं ते एकटे विचारतील. त्यांनी सगळ्यांदेखत, चहाच्या वेळी, अगदी प्रेमानं विचारलं. "फिटरभाऊ, तुम्ही बादल्या घरी नेता का हो?"

"नेतो की," तो म्हणाला. "आणि आणतो पण."

"कशाला रे बाबा?"

"प्यायला."

सगळे हसले. राखोलीचाच एक वेल्डर ओरडला, "यार! तुझ्याकडे मटका नथी के?" तो स्वतःही हसला. मग म्हणाला, "हसू नका. आमच्या गावाला विहीर उपसली, गाळ काढला, की ज्यानं उपसली त्यानं पहिला तांब्या प्यायचा. सगळ्यांसमोर. मग बाकीचे. मग मी म्हटलं, हे आपण एवढं..."

मी मधेच बोललो. ते वाक्य मला शब्दशः आठवतं. "विहीर तुमच्या गावची असते, फिटरभाऊ. या बादल्या तुमच्या नाहीत. वापरलेल्या कँडली आम्ही पाहिल्या आहेत. तिकडे लोकांची घरं वाहून गेलीत आणि इथे तुम्ही घरी फुकटचं फिल्टरचं पाणी पिताय."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही, तर एखादी मशीन अचानक बंद पडल्यावर माणूस बघतो तसा. हातातला पाना त्यानं फरशीवर ठेवला, आवाज न करता. "बरं," म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला. हातड्रिल तिथेच राहिलं.

त्या आठवड्यात आम्ही उरलेलं काम आटोपलं. सोमवारी टेम्पोनं साठ फिल्टर मुंबईला संस्थेच्या गोदामात गेले. काकांनी नारळ फोडला. म्हणाले, "मास्तर, ते ड्रिल त्याचं आहे. पोचवून या. गोड बोला जरा."

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी राखोलीला गेलो. दमणगंगेच्या पुलाजवळ चाळीत त्याची खोली. दार उघडं होतं. त्याची बायको उंबऱ्यात मेथी निवडत होती. मी कोण ते सांगायच्या आधीच तिनं हातातलं ड्रिल बघून ओळखलं.

"या. झडती घ्यायला आले का? दोनच खोके आहेत. घ्या."

"वहिनी, मी हे परत द्यायला..."

"आठ दिवस झोपून होते ते. संडासला धरून न्यायचे मी. तुमच्या बादलीचं पाणी पिऊन. मी म्हणत होते नका पिऊ, नदीचं आहे, वरून कारखाने. म्हणे, मीच नाही प्यायलो तर त्यांना कसं पाजू? घ्या आता, चोर झाले."

फिटर आतून आला. तिला "पुरे" म्हणाला, मला "बसा". खिडकीत दोन काचेच्या बाटल्या होत्या. त्यानं त्या माझ्यापुढे ठेवल्या. एकीत पाणी तांबूस, तळाला गाळ बसलेला. दुसरीत स्वच्छ.

"ही तुमच्या पद्धतीची. ही मी वायसर आत घेतला त्याची. पाणी एकच, पुलाखालचं. वायसर खाली असला तर वरचं पाणी कँडलच्या बाजूनं, नटाच्या आट्यांतून सरळ खाली उतरतं. कँडलमधून जातच नाही. म्हणून पळते ती. तुम्हाला नीट दाखवायचं म्हणून भरून ठेवल्या."

कबुली द्यायची तर पुरती द्यावी. त्या क्षणी, त्या बाटल्या समोर असताना, माझ्या डोक्यात आलं ते असं: बाटलीत माती कुणीही घालू शकतं. मी ड्रिल ठेवलं, दोन शब्द पुटपुटलो आणि बसनं परत आलो.

घरी माझा नमुन्याचा फिल्टर होता, टाळ्या पडलेला. परसातली माती बादलीभर पाण्यात कालवली आणि वर ओतली. खालच्या बादलीचं झाकण काढून बसलो. पहिल्या थेंबापासून पाणी तांबूस होतं. बायको कणकेचे हात घेऊन मागे उभी राहिली. "हेच ना तिकडे पाठवलंत?" एवढंच तिनं विचारलं. गढूळ पाणी पिणाऱ्याला ते गढूळ आहे हे तरी ठाऊक असतं. आम्ही त्यांना भरवसा पाठवला होता, आणि गढूळपणा तसाच ठेवला होता. पाणी निवळ दिसलं तरी कँडलच्या बाजूनं गेलेलं, आणि ते लोक लेकरांना ते निर्धास्त पाजणार होते.

गोदामातला माल जहाजावर चढायला काही दिवस लागतात, हे काका म्हणाले होते. म्हणजे वेळ होता. मला फक्त काकांच्या घरापर्यंत चालत जायचं होतं, दहा मिनिटं. मी गेलो नाही. बुधवारी शाळेत सहा तास शिकवलं. ज्याला सगळ्यांदेखत चोर म्हटलं, त्यानं मला आधीच सांगितलं होतं, आणि नमुना माझा होता, हे कसं सांगायचं याची मी मनात वाक्यं जुळवत होतो. प्रत्येक वाक्यात माझी चूक थोडी कमी दिसत होती, आणि म्हणून एकही वाक्य पूर्ण होत नव्हतं. गुरुवारी सकाळी गेलो.

काकांनी ऐकून घेतलं. ट्रंक कॉल लावला, तीन तास लागला नाही. शेवटी म्हणाले, "जा. आणि त्याला घेऊन जा. तुला एकट्याला उशीर होईल." माझ्याशी ते पहिल्यांदाच एकेरीत बोलले. नंतरही एकेरीतच बोलत राहिले.

फिटर आला. मी दारात उभा राहून माफी मागितली, तर त्यानं बायकोकडे बघितलं आणि तिला म्हणाला, "पाने दे माझे." शुक्रवारी पहाटे वापीहून पॅसेंजरनं आम्ही निघालो. चार तास त्यानं खिडकीबाहेर बघितलं. बोईसरला त्यानं दोन चहा घेतले आणि एक माझ्याकडे सरकवला. तेवढंच.

गोदामाच्या फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं. "आपलाच माल आपणच उघडणार? चिठ्ठी कुठाय?" काकांची चिठ्ठी त्यानं दोनदा वाचली, आमच्या पिशव्या उलट्या केल्या, माझ्या खिशांवरून हात फिरवला. फिटर पहिल्यांदा हसला. "घ्या सर. तुमची पण झाली झडती."

आत गेलो. कारकुनानं कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे छत्तीस होते. "बाकी चोवीस परवा गेले," तो म्हणाला. "जहाजात जागा मिळाली, एक खेप चढवली."

परवा म्हणजे बुधवार. बुधवारी मी सहा तास शिकवले होते.

फिटरनं माझ्याकडे बघितलं. मी मंगळवारी त्याच्या घरी गेलो होतो हे त्याला माहीत होतं, आज शुक्रवार हेही. त्यानं पाने काढले. खोकं ओढलं, बसला, पहिला नट सोडला. मी शेजारी बसलो. तो सोडत गेला, मी वायसर आत घालत गेलो, तो पिळत गेला. दुपारी जेवलो नाही. छत्तिसाव्यापर्यंत बोटांची सालं निघाली होती. एका बादलीच्या काठाला माझं बोट अडलं. खिळ्याची रेघ. मी बोट काढून घेतलं, पण त्यानं पाहिलं होतं. त्यानं स्वतःचं बोट त्या रेघेवरून फिरवलं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि बादली बाजूला ठेवली.

"हीच लावू," म्हणाला.

गोदामामागे पाण्याची उघडी टाकी होती, वर शेवाळ. त्यानं तिथून डबा भरून आणला आणि त्या बादलीत ओतला. मग आम्ही थांबलो. थेंब पडायला लागला, एक, मग बऱ्याच वेळानं दुसरा. रडल्यासारखा. तांब्याभर व्हायला दिवस मावळत आला. पहारेकऱ्याकडून त्यानं स्टीलचा पेला आणला, तोटी उघडली, भरला, आणि माझ्यापुढे धरला.

"जोडलं कुणी?" त्यानं विचारलं.

पाणी स्वच्छ होतं. पण मी टाकी बघितली होती, शेवाळ बघितलं होतं, आणि पेला ओठांपर्यंत नेताना माझा हात थांबला. तो थांबलेला हात त्याला दिसला. पहारेकरीही बघत होता. मी प्यायलो, सगळा पेला. पाण्याला किंचित मातीचा वास होता, नव्या माठासारखा.

"आता दोन दिवस थांबा," फिटर पाने गुंडाळत म्हणाला. "मग कळेल."

आठ-दहा दिवसांनी आम्ही वायसरची जागा दाखवणारं चित्र काढून संस्थेला पाठवलं, त्या चोवीस फिल्टरांच्या मागे पाठवा म्हणून. अक्षर नको, नुसतं चित्र, म्हणजे भाषा अडणार नाही. ते पोचलं की नाही, पोचलं तर कुणी बघितलं की नाही, काकांनी तीनदा लिहूनही उत्तर आलं नाही. फिटर पुढे रविवारी येत राहिला. नवे फिल्टर त्यानंच जोडून दाखवले, मी भोकं पाडली. माझ्याशी तो कामापुरतं बोलायचा. मला ते बरोबर वाटत होतं.

तो पेला प्यायल्यानंतरचे दोन दिवस मी पोटावर हात ठेवून होतो. प्रत्येक गुरगुर ऐकत होतो. मला काही झालं नाही. त्या चोवीस घरांचं काय झालं ते मात्र मला अजून कळलेलं नाही.